पैसे आले, पण कधी?

होळी जवळ आली की मोलगीत दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. ऊसतोडीला आणि बांधकामावर गुजरातेत गेलेली माणसं घरी परतायला लागतात, बाजारात पाय ठेवायला जागा राहत नाही आणि ज्याच्या त्याच्या तोंडी काठीच्या होळीचा विषय असतो. दुसरी गोष्ट ऑफिसांमध्ये चालू असते. तिला सगळे 'मार्च एंड' म्हणतात. ३१ मार्चच्या आत निधी खर्च झाला नाही तर तो परत जातो. त्यामुळे वर्षभर न हललेल्या फायली पंधरा दिवसांत हलतात.

शिष्यवृत्तीचे पैसे उशिरा येणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. पैसे येतात, नाही असं नाही. पण फी भरायची तारीख सप्टेंबरमधली आणि पैसे खात्यात पडले पुढच्या जूनमध्ये, असं झालं तर मधले नऊ महिने कुणाच्या तरी उधारीवर काढावे लागतात. घरकुलाचं तसंच. जोत्यापर्यंत काम झालं, पुढचा हप्ता अडकला आणि सातपुड्यात पाऊस सुरू झाला, की अर्धवट भिंतीवर ताडपत्री टाकून बसायचं. पावसाळ्यानंतर हप्ता येतो तेव्हा सिमेंट महागलेलं असतं आणि गवंडी दुसऱ्या कामावर गेलेला असतो. कागदावर सरकारने एक रुपयाही कमी दिलेला नसतो. तरी घर लहान होतं, नाहीतर कर्ज वाढतं.

आता हेच चित्र देशातल्या सगळ्यात मोठ्या खर्चांपैकी एकाला लावून बघा. लष्कराच्या.

टीव्हीवर संरक्षण खर्चाची चर्चा होते तेव्हा प्रश्न एकच असतो: किती? यंदा किती टक्के वाढ, चीनच्या तुलनेत किती, जीडीपीच्या किती. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात हा आकडा सुमारे ६ लाख ८१ हजार कोटी रुपये होता. आकडा ऐकून माणूस गप्पच होतो. पण 'कधी?' आणि 'पुढच्या वर्षी नक्की मिळणार का?' हे दोन प्रश्न क्वचितच कुणी विचारतं. मला हे दोन प्रश्न पहिल्याइतकेच महत्त्वाचे वाटतात.

आधी त्या आकड्याच्या आत डोकावू. त्यातले शंभर रुपये घेतले, तर साधारण ४६ रुपये पगार, इंधन, रेशन, दुरुस्ती या रोजच्या खर्चात जातात. जवळपास २४ रुपये पेन्शनमध्ये. सुमारे ४ रुपये संरक्षण खात्याच्या नागरी कामांत, त्यात सीमेवरचे रस्तेही आले. उरतात २६ रुपये. विमानं, तोफा, पाणबुड्या, रडार, सगळी नवी खरेदी यातून करायची.

या २६ रुपयांतही मोकळे पैसे थोडेच. कारण लढाऊ विमान रोखीने घेत नाहीत, हप्त्याने घेतात. करार झाला की बयाणा द्यायचा, मग काम जसजसं पुढे जाईल तसतसे हप्ते. आठ-दहा वर्षं हे चालतं. म्हणजे या वर्षीच्या पैशातला मोठा भाग पाच वर्षांपूर्वी घेतलेल्या वस्तूंच्या हप्त्यांतच जातो. याला 'बांधील देणी' म्हणतात. मोटारसायकल हप्त्यावर घेतलेल्या कुठल्याही मित्राला ही भानगड माहीत असते.

हप्त्यालाच पैसे पुरले नाहीत तर? हे घडलेलं आहे. मार्च २०१८ मध्ये संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचा अहवाल आला. लष्कराचे तेव्हाचे उपप्रमुख लेफ्टनंट जनरल शरत चंद यांनी समितीसमोर मांडलेला हिशेब त्यात होता. आधुनिकीकरणासाठी मिळाले २१,३३८ कोटी. आधीच करून ठेवलेल्या १२५ व्यवहारांची देणी २९,०३३ कोटी. म्हणजे नव्या वस्तूचं नाव काढायच्या आधीच खिसा फाटलेला. लष्कराकडच्या सामग्रीपैकी ६८ टक्के जुनाट आणि फक्त ८ टक्के अत्याधुनिक आहे, हेही त्यांनी तिथेच सांगितलं.

ओझरची गोष्ट

धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने नाशिककडे निघालात की नाशिकच्या थोडं आधी ओझर लागतं. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा, म्हणजे 'एचएएल'चा विमान कारखाना इथे १९६४ पासून आहे. आपल्या हवाई दलाची मिग-२१ इथे तयार झाली, मग मिग-२७, मग सुखोई-३०. आयटीआय केलेल्या उत्तर महाराष्ट्रातल्या मुलांना 'एचएएलची अप्रेंटिसशिप' म्हणजे काय ते नीट ठाऊक असतं.

जानेवारी २०१९ मध्ये याच कंपनीबद्दल एक बातमी आली आणि अनेकांचा विश्वास बसेना. कंपनीच्या हातातली रोकड संपली होती आणि सुमारे एक हजार कोटींचा ओव्हरड्राफ्ट उचलावा लागला होता. हे अध्यक्ष आर. माधवन यांनी स्वतः सांगितलं. कित्येक दशकं रोकड बाळगून असलेल्या कंपनीवर पगारासाठी कर्ज काढायची वेळ आली, अशा मथळ्यांनी तेव्हाची वर्तमानपत्रं भरली होती.

कंपनी तोट्यात गेली होती का? नाही. विमानं तयार होत होती, दुरुस्त होत होती, हवाई दलाकडे जात होती. फक्त त्यांचे पैसे येत नव्हते. डिसेंबर २०१८ अखेर थकबाकी १५ हजार कोटींच्या वर गेली होती आणि त्यातली बहुतेक एकट्या हवाई दलाकडची. हवाई दल तरी काय करणार? परदेशी खरेदीचे हप्ते चुकवता येत नाहीत, तिथे दंड बसतो. मग थांबवायचं कुणाला, तर घरच्याला. वाण्याची उधारी आपणही अशीच लांबवतो. शेजारचा माणूस काही बोलणार नाही, ही खात्री असते ना!

त्याआधीच्या काही वर्षांत सरकारने लाभांश आणि समभागांची पुनर्खरेदी या वाटेने याच कंपनीकडून मोठी रक्कम काढून घेतली होती, हेही विसरू नका. एका खिशातून काढायचं आणि दुसऱ्या खिशाचं देणं थकवायचं.

या सगळ्याचा फटका नेमका कुणाला बसतो? मोठी कंपनी ओव्हरड्राफ्ट काढू शकते. पण विमानाचे हजारो सुटे भाग छोट्या कारखान्यांत बनतात. शेड भाड्याची, मशीन कर्जावर, दहा-वीस कामगार. वरच्याचं बिल अडकलं की खालच्याचं अडकणारच. सहा महिने वाट बघून असा कारखानदार शहाणा होतो आणि पुढच्या वेळी ट्रॅक्टरचे भाग बनवायला घेतो. त्याच्याकडची तीन मुलं घरी जातात. संरक्षण मंत्रालयाच्या कुठल्याही तक्त्यात ही नोंद होत नाही.

ओझरची गोष्ट तिथे संपली नाही, हे बरं. १७ ऑक्टोबर २०२५ ला इथेच बनलेलं तेजस मार्क-१ए विमान उडालं. वर्षाला आठ विमानं बनवू शकेल अशी तेजसची नवी उत्पादन साखळी त्या दिवशी इथे सुरू झाली. हे शक्य झालं, कारण फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ विमानांचा करार एकदम झाला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ विमानांचा. दहा वर्षांचं काम समोर दिसलं की कंपनी मशीन घेते, मुलं भरती करते, त्यांना शिकवते. एक-दोन वर्षांच्या भरवशावर कुणी हे करत नाही.

तेजस उशिरा येतंय, ही ओरडही खरी आहे. पण त्या उशिराचं खापर सरकारी तिजोरीवर फोडता येणार नाही. अमेरिकेतून येणारी इंजिनं वेळेत आली नाहीत, हे त्याचं एक मोठं कारण.

थांबलेलं पुन्हा सुरू करणं

मुंबईच्या माझगाव डॉकची कहाणी ओझरपेक्षा जास्त बोचते. १९९४ पर्यंत तिथे जर्मन बनावटीच्या दोन पाणबुड्या बांधून झाल्या, 'शाल्की' आणि 'शंकुल'. पाणबुडीचं पोलादी कवच जोडणं हे फार नाजूक वेल्डिंगचं काम असतं. त्यासाठी माणसं खास तयार केली होती. पण त्या व्यवहाराच्या दलालीवरून वाद झाला होता आणि पुढची ऑर्डरच आली नाही. नवा करार २००५ मध्ये झाला, फ्रेंच स्कॉर्पीनचा. तोवर हात बदलले होते. शिकलेली माणसं निवृत्त झाली, काही सोडून गेली. सगळं पुन्हा पहिल्यापासून. पहिली पाणबुडी 'कलवरी' २०१२ च्या सुमारास यायची होती, ती नौदलात दाखल झाली डिसेंबर २०१७ मध्ये. सहावी 'वाघशीर' आली जानेवारी २०२५ मध्ये.

इथे पैसा नव्हता म्हणून काम थांबलं नाही, वाद झाला म्हणून थांबलं. तरी उदाहरण देतोय, कारण ऑर्डर कुठल्याही कारणाने तुटली तरी शेवट हाच होतो. कामाला सातत्य नसेल तर हातातलं कसब जातं, आणि ते पुढच्या अर्थसंकल्पात जास्त पैसे टाकून परत आणता येत नाही.

हवाई दलाच्या १२६ विमानांचं बघा. निविदा २००७ मध्ये निघाली, २०१२ मध्ये राफेलची निवड झाली. फेब्रुवारी २०१४ मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी सांगून टाकलं की या आर्थिक वर्षात पैसे उरलेले नाहीत, करार पुढच्या वर्षी बघू. पुढे सरकार बदललं, १२६ ची ३६ झाली, करार २०१६ मध्ये झाला आणि पहिली पाच विमानं जुलै २०२० मध्ये आली. सप्टेंबर २०२५ मध्ये शेवटची मिग-२१ निवृत्त झाली तेव्हा हवाई दलाकडे लढाऊ विमानांच्या २९ स्क्वाड्रन उरल्या. मंजूर संख्या ४२ आहे. या १३ च्या खड्ड्यात किमतीचे वाद आहेत, फायलींचा संथपणा आहे, आणि ते 'पुढच्या वर्षी बघू'ही आहे.

एरवी असं चालवून घेतलेलं संकटात अंगावर येतं. २०१५ मध्ये 'कॅग'ने दाखवून दिलं की मार्च २०१३ मध्ये लष्कराच्या दारूगोळ्याच्या निम्म्या प्रकारांचा साठा तुंबळ युद्धात दहा दिवसही पुरला नसता. नियमाने तो ४० दिवसांचा हवा. सप्टेंबर २०१६ मध्ये उरीचा हल्ला झाला आणि घाईघाईने तातडीची खरेदी सुरू झाली. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूर झालं, त्यानंतरही तातडीची खरेदी आलीच. जूनमध्ये एकाच फटक्यात १,९८१ कोटींचे १३ करार झाले. तातडीची खरेदी वाईट नाही, कधीकधी तीच वाचवते. पण रात्री अकरा वाजता औषध घ्यायला निघालेला माणूस भाव करत नाही. आणि त्या खरेदीचेही हप्ते पुढच्या वर्षांच्या डोक्यावर येऊन बसतात. २०१८ च्या त्या २९ हजार कोटींमध्ये आधीच्या तातडीच्या खरेदीचा वाटा होताच.

आपल्याला हे कळायला खरं तर पानिपत पुरेसं होतं. ऑगस्ट १७६० मध्ये दिल्ली हातात आली तेव्हा सदाशिवरावभाऊंकडे फौजेला द्यायला पैसे नव्हते. दिवाण-ए-खासचं चांदीचं छत काढून त्याची नाणी पाडावी लागली. दोआबातून वसूल आणि धान्य पाठवण्याची जबाबदारी गोविंदपंत बुंदेल्यांवर होती. डिसेंबरमध्ये ते मारले गेले आणि रसद तुटली. १४ जानेवारी १७६१ ला जे लढले ते उपाशी होते. शौर्य कमी पडलं असं कुणीच म्हणत नाही.

मग तिजोरी उघडीच ठेवायची का?

इथे थोडं थांबा. कारण 'लष्कराला हवे तेवढे पैसे द्या' असं म्हणणं फार सोपं आहे. त्यावर प्रश्न विचारला की लोक डोळे वटारतात, तरी विचारायला हवा.

पहिली अडचण अशी, की मिळालेलेही पैसे बऱ्याचदा खर्च होत नाहीत. २०२४-२५ मध्ये नव्या खरेदीसाठी १ लाख ७२ हजार कोटी ठेवले होते. वर्ष संपत येताना सुधारित अंदाजात ते १ लाख ५९ हजार ५०० कोटींवर आले. म्हणजे साडेबारा हजार कोटी गेले. चाचण्या लांबल्या, करार सह्यांपर्यंत पोचले नाहीत, आणि ३१ मार्च कुणासाठी थांबत नाही. मोलगीतल्या मार्च एंडचाच हा दिल्लीतला अवतार, फक्त शून्यं जास्त.

यावर एक उपाय वीस वर्षांहून जास्त काळ चर्चेत आहे: व्यपगत न होणारा निधी. म्हणजे खर्च न झालेले पैसे परत न जाता पुढच्या वर्षासाठी शिल्लक राहतील अशी वेगळी पेटी. २००४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात जसवंत सिंह यांनी अशा २५ हजार कोटींच्या निधीची घोषणा केली होती. तो प्रत्यक्षात आला नाही. मग एन. के. सिंह यांच्या अध्यक्षतेखालच्या पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी २ लाख ३८ हजार ३५४ कोटींचा असाच निधी सुचवला. केंद्राने तत्त्वतः मान्यही केला. 'तत्त्वतः मान्य' हा शब्दप्रयोग किती कामाचा असतो, ते तुम्ही ग्रामसभेत ऐकलं असेल.

अर्थ खात्याचा आक्षेप मात्र अगदीच टाकाऊ नाही. पेटीत पडून राहिलेला पैसा म्हणजे दुसरीकडे न झालेला खर्च. आणि दरवर्षी संसदेसमोर येऊन पैसे मागावे लागतात, हिशेब द्यावा लागतो, यातच लोकशाहीचा लगाम आहे. लष्करासारख्या ताकदवान खात्यावर तो हवाच.

मला विचाराल तर पेटीपेक्षा वेळापत्रक जास्त उपयोगाचं. फ्रान्सने २०२४ ते २०३० या सात वर्षांसाठी ४१३ अब्ज युरोंचा लष्करी खर्च कायद्यानेच ठरवून टाकला. दरवर्षी संसद मंजुरी देतेच, पण पुढे काय येणार हे कारखान्यापासून सैनिकापर्यंत सगळ्यांना माहीत असतं. उलट टोक अमेरिकेचं. जगातला सगळ्यात मोठा लष्करी खर्च त्यांचा, पण २०२५ मध्ये १ ऑक्टोबरपासून ४३ दिवस सरकारच बंद, कारण खर्चाचं विधेयक अडकलं. तात्पुरत्या मंजुरीवर दिवस ढकलायचे तर नवं काम सुरू करता येत नाही, जुनंच चालू ठेवायचं. पैसा भरपूर असूनही.

आपल्याकडे हा विचार नवा नाही. १९६२ च्या पराभवानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि त्यांच्या काळात १९६४ ते १९६९ ही पहिली पाच वर्षांची संरक्षण योजना आली. ओझरचा कारखानाही त्याच काळातला. पुढे अशा योजना बनत राहिल्या, पण त्या कागदावर पैशाची हमी येईलच असं राहिलं नाही.

तुमच्या आणि देवगोई घाटाच्या मध्ये

आता तो प्रश्न, जो मोलगीत बसून विचारला नाही तर अप्रामाणिकपणा होईल. देवगोई घाट उतरून अक्कलकुव्याला दवाखान्यात जाईपर्यंत काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. रस्ता नसलेल्या पाड्यांवरून आजही आजारी माणसाला बांबूच्या झोळीत घालून आणावं लागतं. अशा ठिकाणी राहणाऱ्याने लष्कराच्या पैशाची काळजी का करावी?

दोन कारणं आहेत. पहिलं साधं आहे. उशिरा दिलेला पैसा जास्त लागतो. रखडलेली पाणबुडी ठरल्यापेक्षा महाग पडते, तातडीची खरेदी महाग पडते, आणि तो जास्तीचा पैसा त्याच तिजोरीतून जातो जिच्यातून तुमचा रस्ता आणि तुमची शिष्यवृत्ती यायची असते. म्हणून 'लष्कर की पाडा' हे भांडण मला अर्धवट वाटतं. उशीर दोघांनाही लुटतो.

दुसरं कारण रोज पहाटे मैदानावर धावतंय. तुमच्यातले कितीतरी जण, आणि आता मुलीही, भरतीची तयारी करता. २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली: चार वर्षांची नोकरी, त्यानंतर चारातल्या एकाला कायम होण्याची संधी. शंभरातले २४ रुपये पेन्शनला जातात हे आपण वर पाहिलं. या योजनेमागे ते ओझंही होतं, असं अनेक अभ्यासक म्हणतात. सरकार तरुण सैन्याचं कारण पुढे करतं. दोन्हींत तथ्य असू शकतं. पण हिशेब वेळेत न मांडल्याचं बिल कुणाच्या नावावर फाटलं, ते बघा. पहिल्या तुकडीचं प्रशिक्षण जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालं, त्यांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून संपू लागतील. परत येणाऱ्यांसाठी पोलीस, निमलष्करी दलांत राखीव जागांच्या घोषणा आहेत. त्या जागा नेमक्या केव्हा भरल्या जातात, यावर लक्ष ठेवा.

आणि एक काम करा. मोबाइलवर केंद्राच्या अर्थसंकल्पाची वेबसाइट उघडा. मागणी क्रमांक २१ शोधा, तो संरक्षणाच्या भांडवली खर्चाचा. त्यात रकाने असतात: अर्थसंकल्पी अंदाज, सुधारित अंदाज आणि मागच्या काळातला प्रत्यक्ष खर्च. एकाच वर्षाचे हे तिन्ही आकडे वेगवेगळ्या वर्षांच्या कागदांतून गोळा करावे लागतील, थोडी खटपट आहे. पाच वर्षांचे वहीत उतरवा. मग राज्याच्या अर्थसंकल्पातून आदिवासी विकास विभागाचे तसेच तीन आकडे काढून शेजारी लिहा. वर्गात कुणी विचारलं हे काय चाललंय, तर त्यालाही एक पान द्या. होळीच्या सुट्टीत होण्यासारखं काम आहे.